जंत अंगात, पण अंगाला पत्ता नाही



हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन वस्तीत गेलं की हमखास ऐकू येतं, "सिस्टर, मी तं धडधाकट हाव. गोळी कायले खाऊ?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर जंताजवळच्या साखरेत आहे.

ही चहातली साखर नव्हे; गोड खाल्ल्याने हत्तीरोग होत नाही. सजीवांच्या पेशींवर निरनिराळ्या शर्करांच्या बारीक साखळ्या असतात. आपल्या पांढऱ्या पेशी त्या चाचपून आपला कोण, परका कोण हे ओळखतात.

हत्तीरोगाचा जंत डास चावल्याने शरीरात शिरतो, लसिकावाहिन्यांत घर करतो आणि ६ ते ८ वर्षं जगतो. एवढा काळ शरीर त्याला का सोसतं? जंत सतत काही पदार्थ बाहेर सोडतो. त्यांतल्या शर्करा-साखळ्यांना फॉस्फोरिलकोलीन नावाचा घटक चिकटलेला असतो. स्कॉटलंडच्या शास्त्रज्ञांनी उंदरासारख्या प्राण्यांतल्या अशाच जंताचं 'ईएस-६२' हे प्रथिन अभ्यासलं. त्यावरचा हा घटक पांढऱ्या पेशींना थंड करतो, असं त्यांना दिसलं. म्हणजे चोर पहारेकऱ्यालाच झोपवतो. म्हणून ना ताप, ना सूज. पण रात्री रक्तात जंताची पिल्लं फिरतात आणि डास ती शेजाऱ्याच्या घरी पोचवतो.

मात्र जंताचे हेच स्राव त्याचा माग देतात. आपल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ व सहकाऱ्यांनी रक्तातल्या अशा पदार्थांवरून रोग ओळखण्यावर अनेक वर्षं काम केलं.

गोळीनंतर कुणाला ताप येतो, डोकं दुखतं, गरगरतं. बहुतेक वेळा पिल्लं मरताना त्यांच्यातले पदार्थ एकदम रक्तात येतात, झोपलेला पहारेकरी जागा होतो, त्याचा हा त्रास. तो एक-दोन दिवसांत थांबतो. जास्त वाटलं तर आशाताईंना लगेच सांगा.

लक्षात ठेवा :
• गोळ्या जेवणानंतर, कर्मचाऱ्यासमोरच गिळा.
• २ वर्षांखालील बाळ, गरोदर बाई आणि गंभीर आजारी यांना देऊ नका. ओली बाळंतीण आणि लहान मुलं यांच्याबद्दल आधी विचारा.
• मच्छरदाणी लावा, संडासाच्या टाकीच्या पाइपला जाळी बांधा.
• पाय सुजला असेल तर रोज साबणाने धुऊन कोरडा करा.

एकदा पाय हत्तीसारखा झाला की गोळीने तो पूर्ववत होत नाही. म्हणून धडधाकट असतानाच गोळी खायची.