गिधाडाचे काम
(शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी)

मोशेच्या नियमशास्त्रात जे पक्षी खाण्यास वर्ज्य सांगितले आहेत, त्यांत गिधाडही आहे. आपणही त्याला पाहून नाक मुरडतो. परंतु जे आपल्या ताटात चालत नाही, ते सृष्टीत निरुपयोगी असते असे नाही.

१. नेमलेले काम : गिधाडांचा थवा मेलेल्या बैलाचे मांस काही तासांत फस्त करतो. त्यांच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते की सडक्या मांसातील बहुतेक रोगजंतू त्यात मरतात. अशा रीतीने गावाबाहेरची ढोरे टाकण्याची जागा फुकटात स्वच्छ होत असे.

२. साखळी तुटली : १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. त्याचे कारण २००४ साली प्रसिद्ध झाले. गुरांच्या वेदनेवर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मुडद्यात राहिले, की ते मांस खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. शेकडा एकाहून कमी मुडद्यांत हे औषध असले तरी एवढा नाश होण्यास पुरे. कारण एका मुडद्यावर सबंध थवा जेवतो, आणि मादी वर्षाला एकच अंडे घालते.

३. भार कोणावर पडला? : मांस पडून राहिले, मोकाट कुत्री वाढली, रेबीजचे भय वाढले, पाणीही दूषित झाले. गिधाडांच्या ऱ्हासामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे ५ लाख जादा माणसे मृत्यू पावली, असा अंदाज २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. आणि शेतकऱ्याने तर आपल्या दुखणाइत बैलावर दयाच केली होती! हेतू चांगला असला तरी परिणाम पाहावा लागतो, हे मुलांना येथे अवश्य सांगावे.

४. सुधारणेचा मार्ग : २००६ साली सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हे औषध गुरांना गुण देते व गिधाडांना बाधत नाही. हरियाणात पिंजोर येथे गिधाडांची पैदास केली जाते. मात्र वर्षाला एका अंड्याने भरपाई सावकाशच होणार.

वर्गात करावयाचे : फळ्यावर माणूस, गुरे, गिधाड, कुत्रा व पाणी हे शब्द वर्तुळात लिहून रेघांनी जोडा. मग ‘गिधाड’ पुसा आणि कोणकोणत्या रेघा तुटल्या ते मुलांकडून काढून घ्या.

विचारासाठी प्रश्न :
१. बैलावरील दया आणि गिधाडाचे रक्षण, दोन्ही कसे साधेल?
२. आपल्या गावात, आपल्या मंडळीत, ज्याचे काम कोणाच्या नजरेत येत नाही असा कोण आहे?