कॅनीचा पराभव पचवणारं रोम शेवटी का ढासळलं?

प्रश्न : कार्थेजच्या हॅनिबलने कॅनीच्या लढाईत एका दिवसात पन्नासेक हजार रोमन सैनिक मारले, तरी रोम हरलं नाही. पुढे सहाशे वर्षांनी, त्याहून कितीतरी मोठं साम्राज्य हाताशी असताना, रानटी म्हटल्या जाणाऱ्या टोळ्यांपुढे मात्र त्याचा निभाव लागला नाही. असं कसं झालं? ऐषारामाने रोमन माणूस आतून पोखरला होता, हे खरं का?

उत्तर : ऐषारामाचं कारण मला मुळीच पटत नाही. साम्राज्याचा पश्चिम भाग ढासळला तेव्हा पूर्व भाग त्याहून श्रीमंत होता. चैनीने राज्यं बुडत असती तर आधी तो बुडायला हवा होता. पण १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं तोवर तिथले लोक स्वतःला रोमनच म्हणवत होते.

तुम्ही केलेली तुलना मात्र नेमक्या मर्मावर बोट ठेवणारी आहे. इ.स.पूर्व २१६ मध्ये कॅनीच्या लढाईनंतर रोमने जिंकलेली इटलीतली गावं रोमची साथ सोडतील, असा हॅनिबलचा हिशेब होता. कापुआसारखी काही शहरं फुटलीही. पण मध्य इटली आणि लॅटिन वसाहती बहुतांशी जागच्या हलल्या नाहीत. रोम या मित्रांकडून खंडणी घेत नसे, सैनिक घेई, आणि लुटीत नि जमिनीत वाटा देई. काहींना तर नागरिकत्वही मिळालं होतं. म्हणून एक फौज गारद झाली तरी दुसरी उभी राहत गेली.

हरवलेल्यालाच आपल्यात घेण्याची ही रीत मला रोमच्या रस्त्यांपेक्षा, किल्ल्यांपेक्षा मोठी वाटते. ती काही आपसूक चालत नव्हती. इ.स.पूर्व ९१ मध्ये इटलीतल्या मित्रांना हत्यार उपसावं लागलं, तेव्हा कुठे सगळ्यांना नागरिकत्व मिळालं. इ.स. ४८ मध्ये गॉलच्या सरदारांना सिनेटमध्ये घेण्यासाठी सम्राट क्लॉडियसला भाषण करावं लागलं. ब्राँझच्या पत्र्यावर कोरलेलं ते भाषण आजही फ्रान्समधल्या लियाँच्या संग्रहालयात आहे. त्यानंतर मात्र स्पेनमध्ये जन्मलेला ट्रेजन सम्राट झाला, लिबियातल्या लेप्टिस मॅग्नाचा सेप्टिमियस सेव्हरसही झाला. २१२ साली कॅराकॅलाने साम्राज्यातल्या जवळपास सगळ्या स्वतंत्र रहिवाशांना नागरिक करून टाकलं.

ही रीत कुठे मोडली, ते ३७६ साली डॅन्यूबच्या काठावर दिसतं. हूणांच्या धाकाने पळालेले गॉथ टोळ्यांचे लोक नदी ओलांडू देण्याची विनवणी करत होते. सम्राट व्हॅलेन्सने परवानगी दिली, त्याला सैनिक हवेच होते. पण सीमेवरच्या अधिकाऱ्यांनी गॉथांच्या भुकेचा धंदा केला. कुत्री पकडून आणायची आणि एकेका कुत्र्याच्या बदल्यात गॉथांचं एक माणूस गुलाम म्हणून घ्यायचं. त्यात त्यांच्या म्होरक्यांची मुलंही गेली. हे अम्मियानस मार्सेलिनस या रोमन इतिहासकारानेच लिहून ठेवलं आहे. गॉथ उठले, आणि ३७८ मध्ये एड्रियानोपलला व्हॅलेन्ससह त्याची बहुतेक फौज कापली गेली.

४०८ साली तीच चूक इटलीत झाली. सेनापती स्टिलिकोला मारल्यावर रोमच्याच सैन्यात नोकरी करणाऱ्या परक्या वंशाच्या शिपायांच्या बायकामुलांची शहराशहरांत कत्तल झाली. ते शिपाई सरळ गॉथ राजा अलारिकला जाऊन मिळाले. कॅनीनंतर मित्र टिकले होते, इथे रोमने आपल्या हाताने ते शत्रूकडे लोटले. अलारिकने तेव्हा रोमकडून सोन्याचांदीबरोबर तीन हजार पौंड मिरीही वसूल केली. ती मिरी आपल्या मलबारकडून येई. शेवटी ४१० मध्ये त्याने शहर लुटलं.

तरीही पश्चिमेचं राज्य सावरू शकलं असतं. माझ्या मते खरा घाव बसला तो आफ्रिकेत. आजच्या ट्युनिशियाच्या परिसरातून रोमला गहू आणि ऑलिव्ह तेल येई, आणि पश्चिमेच्या खजिन्यात सर्वाधिक भर पडे तीही तिथूनच. ४२९ मध्ये व्हँडल टोळीचा राजा गायसेरिक स्पेनमधून समुद्र ओलांडून आला आणि ४३९ मध्ये त्याने कार्थेज घेतलं. पुढच्या पाच-सहा वर्षांतच सम्राट तिसरा व्हॅलेंटिनियन कायद्यात लिहून मोकळा झाला की नव्या भरतीचं सोडा, जुन्या सैनिकांच्याही अन्नवस्त्राला महसूल पुरत नाही. मग प्रत्येक विक्रीवर चोविसाव्या हिश्श्याचा कर बसला. प्रांत हातचा गेला की महसूल घटायचा, महसूल घटला की फौज, आणि फौज घटली की पुढचा प्रांत जायचा. स्पेन नि गॉल असेच निसटले.

आफ्रिका परत घ्यायचा शेवटचा मोठा प्रयत्न ४६८ साली झाला. पूर्वेच्या सम्राटाने हजाराहून जास्त जहाजं धाडली, असं जुने इतिहासकार सांगतात. गायसेरिकने वाटाघाटींसाठी पाच दिवस मागून घेतले, वारा फिरल्यावर पेटवलेली जहाजं त्या आरमारात सोडली, आणि मोहीम बुडाली.

आता ४७६. ज्या ओडोएसरने पश्चिमेचा शेवटचा सम्राट हटवला, तो बाहेरून चाल करून आलेला नव्हता. तो इटलीतल्याच फौजेचा सरदार होता. त्या फौजेने इटलीतल्या जमिनीचा तिसरा हिस्सा मागितला. सगळा कारभार हाती असलेल्या ओरेस्टिसने नकार दिला आणि जीव गमावला. त्याचा मुलगा रोम्युलस गादीवर होता. पोर लहान म्हणून ओडोएसरने त्याला मारलं नाही, तनखा बांधून देऊन कॅम्पानियाला पाठवलं. तोपर्यंत पश्चिमेच्या सम्राटाकडे इटली आणि दक्षिण गॉलची एक चिंचोळी पट्टी, एवढाच मुलूख उरला होता.