कांदाचाळीतील वायुसंवेदक आणि विजेची काटकसर

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील देवगाव रंगारी (ता. कन्नड) परिसरात उन्हाळी कांदा एप्रिल-मे महिन्यांत चाळीत भरतात व भाव पाहून ऑक्टोबरपर्यंत बाहेर काढतात. या काळात सड आतून सुरू होते. ती डोळ्यांना दिसेपर्यंत शेजारचा कांदाही हातचा गेलेला असतो. सडक्या कांद्यातून निघणारे गंधकयुक्त वायू मात्र आधीच सूचना देतात. ती टिपणारा वायुसंवेदक चाळीत बसविता येतो. अडचण आहे ती विजेची. चाळ बहुधा शेतात असते आणि शेतीपंपाचा वीजपुरवठा ठरावीक तासांचाच. साहजिकच भिस्त बॅटरीवर.

जपानमधील नाओयोशी तागुची यांनी 1962 साली पुढे आणलेला टिन ऑक्साइडचा संवेदक आजही सर्वांत स्वस्त होय. त्याचा थर 200 ते 400 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो. तापलेल्या थरावर हवेतील ऑक्सिजन चिकटून वीजप्रवाह अडवितो. वायू येताच हा ऑक्सिजन खर्ची पडतो, विद्युतरोध घटतो आणि वायूची चाहूल लागते. वीज खर्च होते ती मुख्यत्वे तापविण्यात.

हिशेब करून पाहू. अशा जुन्या धाटणीच्या संवेदकास सुमारे 0.8 वॅट शक्ती लागते. सहा महिन्यांत ही वीज चार युनिटही भरत नाही. घरच्या बिलात ती जाणवणारही नाही. परंतु घड्याळात घालतो तसल्या चार अल्कलाइन सेलांत जेमतेम 15 वॅट-तास ऊर्जा असते. ती एका दिवसातच संपते. हाच संवेदक दर चार तासांनी एकेक मिनिट तापविला, तर दिवसाला 0.08 वॅट-तास पुरतात आणि तेच सेल कागदावर तरी सहा महिने चालतात. अर्थात, एका मिनिटात नोंद स्थिरावते की नाही, हे संवेदकाच्या जातीवर अवलंबून राहील. सिलिकॉनच्या सूक्ष्म पडद्यावर घडविलेले नवे संवेदक काही मिलिसेकंदांतच तापतात व त्यांना काही दशक मिलिवॅटच पुरतात. विद्युत-रासायनिक संवेदकास तर तापविण्याचीच गरज नसते. किंमत मात्र अधिक.

सड सावकाश पसरते, म्हणूनच ही उघडझाप चालते. स्वयंपाकघरातील गॅसगळतीला किंवा गाळ काढण्यासाठी विहिरीत उतरणाऱ्या माणसाला चार तासांचा अवधी नसतो. तेथे संवेदक अखंड जागा हवा. काटकसर करावी ती संवेदकाची निवड करताना, वेळेत नव्हे.

नवा तापविण्याचा संवेदक पहिल्यांदा एक-दोन दिवस सलग तापवावा लागतो. हे काम चाळीतल्या सेलांवर न करता घरच्या विजेवर आधीच उरकून घ्यावे.