कॉन्व्हेंट, धर्म आणि सहा वर्षांची लेक

प्रश्न : मुलगी यंदा पहिलीत जाईल. पाचगणीच्या मुलींच्या सेंट जोसेफ कॉन्व्हेंटमध्ये घालायचं मनात आहे. सासूबाई म्हणतात, तिथे येशूची प्रार्थना करायला लावतील, मराठीही विसरेल. काय करू?
– एक आई, गणपतीपुळे

उत्तर : ताई, सासूबाईंची काळजी मायेची आहे, पण सक्तीची भीती नको. १८९५ सालची ही शाळा 'डॉटर्स ऑफ द क्रॉस' या संघाच्या सिस्टरांची. संविधानाच्या कलम २८(३) प्रमाणे मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलांना धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी करून घेता येत नाही. प्रवेशाच्या वेळीच तसं लेखी द्या. मराठी तर २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत सक्तीची आहे. एक मात्र लक्षात ठेवा : अशा अल्पसंख्याक शाळांना २५ टक्के मोफत प्रवेशाची अट लागू नाही. फी आधीच विचारा.

माझी खरी हरकत वयाला आहे. गणपतीपुळ्याहून पाचगणी म्हणजे वसतिगृह आलंच; सहा वर्षांचं लेकरू तिथे ठेवू नका. अंगणात आजीने वाळत घातलेली आमसुलं मोजताना ती बेरीज शिकेल, आजीच्या गोष्टींतून भाषा. तूर्त गावातली जिल्हा परिषदेची शाळा बघा, नाहीतर रत्नागिरीतली एखादी. पाचवीच्या सुमारास पाचगणीला तिलाच घेऊन जा आणि तिचं मन विचारा.