खिडकीच्या गजावरचा रंग

मूल धरून धरून उभं राहायला लागलं की खिडकीचे गज पकडतं आणि लगेच गजाला तोंड लावतं. दात येत असतात, हिरड्या शिवशिवत असतात. आई-बाबांनो, घर जुनं असेल तर त्या गजाजवळ जरा बसून बघा. तैलरंगाचे पापुद्रे सुटलेत का? घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचा भरवसा धरू नका.

शिसं शरीराला कॅल्शियमसारखंच भासतं. कॅल्शियमच्याच वाटेनं ते आत शिरतं, हाडांत वर्षानुवर्षं मुरून राहतं आणि मेंदूच्या पेशींचं आपसातलं कामकाज बिघडवतं. हिमोग्लोबिन तयार होण्यातही आडवं येतं. पोटात गेलेलं शिसं मोठ्यांपेक्षा लहान मुलांच्या अंगात चार ते पाच पट जास्त शोषलं जातं. सुरुवातीला बाहेरून काहीच कळत नाही. पुढे पोट दुखतं, चिडचिड वाढते, अभ्यासात लक्ष लागत नाही. आणि आपण त्या लेकराला आळशी ठरवून मोकळे होतो. मला याचंच फार वाईट वाटतं. मेंदूचं झालेलं नुकसान सहसा भरून येत नाही, म्हणून लक्षणांची वाट बघण्यात अर्थ नाही.

दिवाळीआधी रंगारी पॉलिश पेपरनं खिडक्या खरवडतात, तेव्हा उडणारी धूळ पापुद्र्यांहून वाईट. घासकाम ओलं करायला सांगा, मुलांना त्या दिवसांत आजीकडे पाठवा आणि नंतर फरशी झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

बाळाच्या डोळ्यांत सुरमा घालू नका. तो बऱ्याचदा शिशाच्याच खनिजाचा असतो. डोळ्यात भरेल इतकी पिवळीधमक सुटी हळद टाळा, तिच्यात लेड क्रोमेटची भेसळ असू शकते. कल्हई शुद्ध कथिलाचीच करून घ्या.

मुलाला उपाशीपोटी खेळायला सोडू नका. रिकाम्या पोटी शिसं जास्त शोषलं जातं. कॅल्शियम आणि लोह कमी पडलं तरी तेच होतं. नाचणी, तीळ, पालेभाजी, वर लिंबू, एवढं रोज पोटात जाऊ द्या.

घरात कुणी जुन्या बॅटऱ्यांचं किंवा सोल्डरिंगचं काम करत असेल, तर त्यांनी अंघोळ करून, कपडे बदलूनच मुलाला उचलून घ्यावं. रक्तातलं शिसं तपासता येतं. बालरोगतज्ज्ञांना स्वतःहून विचारा.