मूकपटाची राणी सुलोचना

आज एका सिनेमानटीची हकिगत वाचू. पडद्यावरचे तिचे नाव सुलोचना. मराठी सिनेमात आईची कामे करणाऱ्या सुलोचनादीदी तुम्हांला ठाऊक असतील. लावणी गाणाऱ्या सुलोचना चव्हाणही ठाऊक असतील. ही त्या दोघींच्या आधीची. हिचे खरे नाव रूबी मायर्स.

रूबीचा जन्म १९०७ साली पुण्यात झाला. तिचे घराणे ज्यू. मूळ बगदादकडचे. बगदाद हे इराक देशातले मोठे शहर. तिकडचे बरेच ज्यू लोक गेल्या शतकाच्या आधीच व्यापारासाठी समुद्र ओलांडून मुंबईला आले आणि इथेच राहिले. पुण्याच्या ससून हॉस्पिटलचे नाव कोणी ऐकले नाही? ज्यांच्या नावाचे ते हॉस्पिटल, ते डेव्हिड ससून याच बगदादी ज्यूंपैकी.

रूबी काही ससूनसारखी धनवान नव्हती. ती टेलिफोनच्या कचेरीत नोकरी करी. तेव्हा आपल्या हाताने नंबर लावता येत नसे. कचेरीतल्या बाईला नंबर सांगायचा, मग ती जोडून देई. असे दिवसभर बोलण्याचे तिचे काम. आणि गंमत बघा, नाव मिळाले ते मुक्या सिनेमात!

कोहिनूर फिल्म कंपनीचे मोहन भवनानी यांनी तिला सिनेमात बोलावले. ती म्हणाली, नको. कारण सिनेमात काम करणाऱ्या बाईला लोक नावे ठेवीत. आपल्या त्र्यंबकला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला. तेव्हा तारामतीच्या कामाला बाईच मिळेना. शेवटी हॉटेलात स्वयंपाकाचे काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुढे दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकींनी फाळक्यांच्या सिनेमात काम केले, पण लोकांचे मत काही लवकर बदलले नाही. भवनानींनी मात्र पिच्छा सोडला नाही. अखेर रूबी तयार झाली. १९२५ पासून ती 'सुलोचना' झाली.

तेव्हाच्या सिनेमाला आवाज नव्हता. पडद्यावर माणसे हालत, ओठ हालत, पण शब्द ऐकू येत नसे. मध्येच पडद्यावर अक्षरे येत. ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाचून दाखवी, बाकीचे ऐकत. पडद्यापुढे पेटी-तबला वाजे. नटीने सगळे डोळ्यांनी आणि हातांनी सांगायचे. सुलोचनाबाईंना ते फार छान साधले. 'टायपिस्ट गर्ल' मध्ये त्या कचेरीतली मुलगी झाल्या. १९२७ च्या 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे' मध्ये तर त्यांनी एकटीने आठ सोंगे घेतली. त्यांत माळी होता, पोलीसही होता! १९२८ साली त्या अनारकली झाल्या. पुढे इंपीरियल कंपनीत त्यांचा पगार साऱ्या नट्यांत मोठा झाला.

आणि मग सिनेमा बोलू लागला.

१४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात 'आलम आरा' लागला. हा आपल्या देशातला पहिला बोलपट. तो काढला इंपीरियल कंपनीनेच, म्हणजे बाईंच्याच कंपनीने. पण त्यात नायिका होत्या जुबेदा. बाईंना हिंदुस्तानी नीट बोलता येत नव्हते. इतके दिवस त्याची गरजच पडली नव्हती. आता यंत्र एकेक शब्द पकडू लागले. उच्चार चुकला की सगळ्या थिएटरात ऐकू जाणार. शिवाय पडद्यामागून दुसऱ्याने गाण्याची सोय तेव्हा निघाली नव्हती. गाणे आपले आपणच म्हणायचे.

अशा वेळी मोठे नाव झालेला माणूस काय करतो? बहुधा रुसून घरी बसतो. दुसऱ्यापुढे बसून धडे घेणे त्याला कमीपणाचे वाटते. मी मास्तर माणूस. मोठ्या माणसाला पहिल्या धड्याची केवढी लाज वाटते, ते मला चांगले माहीत आहे. सुलोचनाबाई तेव्हा चोविशीच्या होत्या, देशभर नाव होते. त्यांनी वर्षभर काम बंद ठेवले आणि भाषा शिकायला घेतली.

१९३२ साली त्यांचा 'माधुरी' हा बोलपट आला. याच नावाचा त्यांचा मूकपट आधी येऊन गेला होता. आता तीच गोष्ट त्या बोलून सांगू लागल्या. मग त्यांनी आपले जुने मूकपट एकेक करून बोलते केले. १९२९ चा मूकपट होता 'इंदिरा बी. ए.'. १९३४ च्या बोलपटाचे नाव 'इंदिरा एम. ए.'! म्हणजे पाच वर्षांत इंदिरेने वरची परीक्षाही दिली म्हणायची. १९३५ साली 'अनारकली' ही बोलली. या बोलपटांच्या काळात त्यांच्या जोडीला नायक असत डी. बिलिमोरिया. हे पारशी.

पुढे वय झाले, नव्या नट्या आल्या. मोठी कामे मिळेनाशी झाली. तरी बाई मिळेल ते काम करीत राहिल्या. १९५३ साली 'अनारकली' पुन्हा निघाला. अनारकली झाल्या बीना राय. सुलोचनाबाई त्यात सलीमच्या आईच्या, जोधाबाईच्या कामात होत्या. एकाच गोष्टीत दोनदा नायिका आणि तिसऱ्यांदा सासूच्या जागी. तेही त्यांनी केले.

सरकारने त्यांना १९७३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार दिला. त्या १९८३ साली मुंबईत वारल्या. त्यांचे मूकपट आज पाहायला मिळणे कठीण. त्या काळच्या फिती लवकर पेट घेत, नासतही लवकर. देशात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले असे म्हणतात. त्यांतले फार थोडे उरले आहेत.