ओरिजिनल म्हणजे नेमकं काय?

मित्रांनो, वर्कशॉपमध्ये जॉब पूर्ण झाला की आपण त्यावर रोल नंबर पंच करतो. का? तर दुसऱ्याचा जॉब कोणी आपला म्हणून दाखवू नये! अमेरिकेतल्या जुन्या ‘मसल कार’च्या दुनियेत अशाच पंच केलेल्या नंबरांवर गाडीची किंमत ठरते. म्हणून हा छोटासा अभ्यास.

मसल कार म्हणजे मध्यम आकाराची, दोन दारांची गाडी आणि तिच्यात मोठ्या गाडीचं दांडगं व्ही-८ इंजिन. १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओपासून ही लाट आली असं साधारणपणे मानतात. आपण उदाहरण घेऊ १९७० च्या शेव्हरोले शेव्हेल एसएस ४५४ चं. तिच्या एलएस-६ इंजिनाची क्षमता ४५४ घनइंच, म्हणजे सुमारे ७.४ लिटर, आणि कंपनीने जाहीर केलेली ताकद ४५० हॉर्सपॉवर.

आता अशी गाडी कोणी रिस्टोअर करून विकायला आणली, तर खरी-खोटी ओळखायची कशी? चॅसी नंबर बघितला की झालं, असं वाटेल. पण १९७० च्या शेव्हेलचा १३ आकडी नंबर कंपनी, मॉडेल, वर्ष, कारखाना आणि अनुक्रमांक एवढंच सांगतो. एसएस हे त्या वर्षी वेगळं मॉडेल नव्हतं, जादा पैसे भरून घ्यायचं पॅकेज होतं. त्यामुळे साध्या मालिबूला एसएसचे बिल्ले आणि पट्टे लावून फसवणं सोपं आहे!

म्हणून तारखा तपासतात. पहिली तारीख ब्लॉकवर ओतकामातच आलेली असते. त्यात महिन्याला अक्षर असतं: जानेवारीला ‘ए’, डिसेंबरला ‘एल’. दुसरी तारीख उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे, ब्लॉकवरच्या छोट्या सपाट जागेवर पंच केलेली असते. समजा तिथे ‘टी ०१०६ सीआरव्ही’ दिसलं. ‘टी’ म्हणजे टोनावांडाचा इंजिन कारखाना, ०१०६ म्हणजे ६ जानेवारी, आणि ‘सीआरव्ही’ म्हणजे एलएस-६ इंजिन. शेजारीच गाडीचा अनुक्रमांकही असतो. तिसरी तारीख फायरवॉलवरच्या पत्र्याच्या पट्टीवर असते, बॉडी कोणत्या महिन्यात, कोणत्या आठवड्यात बनली त्याची. आधी ओतकाम, मग इंजिन, मग गाडी. हा क्रम उलटा आला, तर काहीतरी गडबड आहे! जोडीला कधीकधी पेट्रोल टाकीवर किंवा मागच्या सीटच्या स्प्रिंगमध्ये असेंब्ली लाइनवरचा ‘बिल्ड शीट’ अडकलेला सापडतो. तो मिळाला तर लॉटरीच!

पण खरी गंमत पुढे आहे. जुन्या ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग वाकडा झाला की हेड गॅस्केट धरत नाही. आपण पुस्तकात शिकतो तसं, मिलिंग करून तो सपाट करायचा. मात्र पंच केलेली जागा त्याच पातळीत असते. कटर सरळ पुढे गेला की इंजिन दुरुस्त, आणि नंबर गायब! काम शंभर टक्के बरोबर, पण पुरावा संपला. मग काही जण तिथे नवे नंबर ठोकतात. तेही पकडले जातात, कारण कारखान्यात तो पृष्ठभाग ब्रोचिंगने कापलेला असायचा. ब्रोचच्या रेषा सरळ, समांतर येतात. मिलिंग कटरच्या खुणा गोलाकार. म्हणून जाणकार मेकॅनिक कटर त्या जागेच्या अलीकडेच थांबवतो.

मला वाटायचं, रिस्टोरेशन म्हणजे सगळं नवंकोरं, चकाचक करणं. पण ‘बुलिट’ या १९६८ च्या चित्रपटातली हिरवी फोर्ड मस्टँग जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या लिलावात ३७.४ लाख डॉलरना गेली, तीही जुना रंग आणि गंज तसाच ठेवून! रंग पुन्हा देता येतो, पार्ट नवा बनवता येतो. पण गाडी ओरिजिनल एकदाच असते.

तेव्हा मित्रांनो, जुन्या यंत्राला हात लावण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारायचा: आपण नेमकं काय पुसून टाकतोय? मशीन सुरू करायला एक मिनिट लागतं. पण योग्य जागी थांबवायला खरा इंजिनीअर लागतो.